पहिल्या पावसाचा वास ओळखणारे जनुक: ओआर११ए१ची शोधकथा

रोहिणी नक्षत्र निघून मृग जवळ आला की आपल्या नगर जिल्ह्यात सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे लागतात. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-रतनवाडीच्या बाजूला पावसाची फारशी काळजी नसते. पण सह्याद्री ओलांडून ढग पूर्वेला येईपर्यंत निम्मेअधिक रिकामे झालेले असतात. पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे पहिली सर पडण्याआधीच वाऱ्याबरोबर एक वास येतो आणि अंगणात बसलेला म्हातारा माणूस न बघताच सांगतो, "पडला कुठंतरी शेजारच्या शिवारात."

त्याला कसे कळले? 'वासावरून' हे उत्तर सोपे आहे. पण हवेत तरंगत आलेला तो पदार्थ कोणता, तो मातीत कुठून आला आणि आपल्या नाकात त्याला ओळखणारे नेमके काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला शास्त्राला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. पहिली दोन उत्तरे विसाव्या शतकात मिळाली. तिसरे २०२४ साली मिळाले. ते उत्तर म्हणजे आपल्या सहाव्या गुणसूत्रावरचे एक छोटेसे जनुक. त्याचे नाव ओआर११ए१.

या जनुकाचा इतिहास मला डॉक्टर म्हणूनही महत्त्वाचा वाटतो. 'वास येत नाही' ही तक्रार आपल्याकडे घरातले लोक गांभीर्याने घेत नाहीत आणि पुष्कळदा वैद्यकीय व्यवसायातही ती 'सर्दी असेल, जाईल' म्हणून बाजूला पडते. ऐकू येत नसेल तर आपण तपासणी करतो, दिसत नसेल तर चष्मा लावतो, नाकाबाबत मात्र चलता है. असे का झाले आणि ते का बदलायला हवे, हेही या इतिहासातून समजते.

अत्तर आधी, शास्त्र नंतर

मातीचा वास पकडून ठेवण्याची कला शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी आपल्या देशात होती. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे 'मिट्टी का अत्तर' प्रसिद्ध आहे. मातीच्या भाजलेल्या चकत्या किंवा भांड्यांचे तुकडे तांब्याच्या मोठ्या डेगेत पाण्यासह ठेवतात, डेगेचे तोंड लिंपून घेतात, खालून जाळ लावतात आणि निघणारी वाफ चंदनाच्या तेलात जिरवतात. चंदनाचे तेल तो वास धरून ठेवते. कुपी उघडली की आतून पहिला पाऊस बाहेर येतो.

या कारागिरांना रसायनाचे नाव माहीत नव्हते, पण दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. हा वास मातीतूनच येतो आणि तो वाफेबरोबर उडतो. फ्रान्समध्ये मार्सेलां बर्थेलो आणि जी. आंद्रे या रसायनतज्ज्ञांनी १८९१ साली मातीच्या स्वतःच्या वासावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीही माती वाफेने ऊर्ध्वपातित केली आणि वास असलेला पदार्थ अत्यल्प प्रमाणात वेगळा होतो हे दाखवले. पण तो इतका थोडा होता की त्या काळच्या साधनांनी त्याची ओळख पटवणे शक्य नव्हते.

यानंतर सत्तरेक वर्षांनी, १९६४ साली, ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांचा लेख 'नेचर' या नियतकालिकात आला. कोरड्या दगड-मातीवर उन्हाळाभर हवेतील आणि वनस्पतींमधील तेलकट पदार्थ साठत जातात आणि ओलावा मिळाला की ते सुटतात, असे त्यांनी मांडले. या वासाला त्यांनी 'पेट्रिकोर' हे नाव दिले. ग्रीक भाषेत पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. उत्तर प्रदेशातल्या मातीच्या अत्तराची त्यांनी त्या लेखात आवर्जून नोंद घेतली होती.

क्षयाचे औषध आणि मातीचा वास, एकाच घरातले

पेट्रिकोर हे मिश्रण आहे. त्यातला 'मातकट' म्हणून आपल्याला चटकन ओळखू येणारा मुख्य पदार्थ १९६५ साली वेगळा झाला. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए या दोघांनी तो मातीत राहणाऱ्या ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंपासून मिळवला आणि त्याला 'जिओस्मिन' म्हटले. जिओ म्हणजे पृथ्वी, ऑस्मे म्हणजे वास. म्हणजे आपला सरळ 'मृद्गंध'. पुढे १९६८ साली गर्बर यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित केली.

रटगर्स हे नाव डॉक्टरांना दुसऱ्या कारणासाठी ओळखीचे आहे. १९४३ साली तिथेच सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयरोगावर खात्रीने काम करणारे हे पहिले औषध. जिओस्मिन तयार करणारे जिवाणू मुख्यतः याच स्ट्रेप्टोमायसिस कुळातले. ज्या मातीच्या वासाने आपले मन सुखावते, त्याच वासाच्या कारखान्यातून लाखो क्षयरुग्णांचे प्राण वाचवणारे औषध बाहेर पडले आहे.

माती कोरडी पडू लागली की हे जिवाणू बीजाणू तयार करतात आणि त्या वेळी जिओस्मिनही बनवतात. मग पाऊस पडल्यावरच वास का उसळतो? अमेरिकेतल्या एमआयटीमधील यंग सू जंग आणि कलन ब्युई यांनी २०१५ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने थेंबांचे चित्रण करून हे दाखवले. सच्छिद्र मातीवर थेंब आपटला की त्याच्या खाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ते थेंबातून वर येतात आणि सोड्याच्या ग्लासातून तुषार उडावेत तसे फुटतात. या तुषारांबरोबर मातीतले पदार्थ हवेत जातात आणि वारा ते पुढे नेतो. हलक्या ते मध्यम पावसात हे जास्त घडते, मुसळधार पावसात कमी. आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. पहिल्या शिडकाव्याला जेवढा वास येतो, तेवढा धो-धो पडायला लागल्यावर येत नाही.

म्हणजे पदार्थ कळला, तो कोण बनवतो हे कळले, नाकापर्यंत कसा येतो तेही कळले. आता उरले नाक.

माणसाच्या नाकाची बदनामी

पॉल ब्रोका हे फ्रान्सचे मोठे शल्यचिकित्सक. मेंदूतील भाषेचे केंद्र दाखवून देण्याचे श्रेय त्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या मेंदूतील वासाचा भाग मोजून पाहिला. माणसात हा भाग बाकीच्या मेंदूच्या तुलनेत लहान दिसला. त्यावरून माणूस हा वासाच्या बाबतीत मागे पडलेला प्राणी आहे, अशी वर्गवारी झाली. ती पुढे शंभर वर्षे पुस्तकांतून उतरत राहिली. अमेरिकन संशोधक जॉन मॅकगॅन यांनी २०१७ साली 'सायन्स' मध्ये या समजुतीचा सगळा इतिहास तपासून दाखवले की तिला भक्कम आधार कधी नव्हताच.

जिओस्मिनचेच उदाहरण घ्या. एका लिटर पाण्यात ते काही नॅनोग्रॅम असले तरी पुष्कळ लोकांना कळते. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. इतका नाजूक तराजू ज्या अवयवात आहे त्याला कमकुवत म्हणणे बरोबर नाही.

पण ग्रह झाला तो झालाच. कवटीतून निघणाऱ्या बारा नसांच्या जोड्यांत वासाची नस पहिली असते आणि रुग्ण तपासताना वगळली जाणारीही बहुधा तीच असते. संशोधनातही असेच झाले. डोळ्यातली प्रकाश ओळखणारी प्रथिने तपशीलवार माहीत झाली, तेव्हा वासाची प्रथिने मुळात कशी दिसतात हेही ठाऊक नव्हते.

कुलाब्यातल्या माश्या

वास ओळखण्यामागे जनुके असतात हे दाखवण्याच्या कामात महाराष्ट्राच्या भूमीवर झालेल्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही.

डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. जिवाणूंच्या जनुकांवर काम करणारे सिद्दिकी पुढे कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्याबरोबर फळमाशीच्या मज्जासंस्थेवर काम करून आले. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ती चिमुकली चिलटे म्हणजेच या फळमाश्या. मग त्यांनी कुलाब्याच्या प्रयोगशाळेत प्रश्न घेतला, माशीला वास कसा येतो?

त्यांच्याकडे पीएच.डी.साठी आलेली विद्यार्थिनी म्हणजे व्हेरॉनिका रॉड्रिग्ज. मूळ कुटुंब गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण युगांडात सुरू झालेले आणि आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पूर्ण झालेले. तिथून त्या १९७७ साली मुंबईत आल्या. दोघांची पद्धत साधी होती. माश्यांच्या जनुकांत रसायनाने बदल घडवायचे, त्यांची पुढची पिढी वाढवायची आणि दोन फाटे असलेल्या नळीत सोडून द्यायची. एका फाट्यातून वास येतो, दुसऱ्यातून साधी हवा. माशी कुठे वळते ते मोजायचे.

यात अशा माश्या सापडल्या की ज्यांना एका प्रकारचे वास कळत नव्हते, पण दुसऱ्या प्रकारचे व्यवस्थित कळत होते. त्यांच्यातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता आणि गुणसूत्रावर त्याची जागा दाखवता येत होती. हे काम १९७८ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एखादा विशिष्ट वास न येणे हे जनुकातील एका बदलामुळे घडू शकते, हे त्यातून पुढे आले.

त्या काळात जनुक प्रत्यक्ष वेगळे काढून वाचणे सोपे नव्हते, त्यामुळे वास पकडणारे प्रथिन मुंबईत हाती लागले नाही. शिवाय फळमाशीची गंधग्राही प्रथिने आणि माणसाची गंधग्राही प्रथिने वेगळ्या घडणीची आहेत, हे नंतर कळले. तरीही 'वासाला जनुकांच्या वाटेने गाठता येते' हा रस्ता दाखवणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगशाळांत कुलाब्याची प्रयोगशाळा होती. रॉड्रिग्ज पुढे टीआयएफआरमध्ये प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाल्या, सिद्दिकींनी बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले आणि या दोघांच्या विद्यार्थ्यांची एक पिढीच देशात तयार झाली. रॉड्रिग्ज २०१० साली गेल्या, सिद्दिकी २०१३ साली.

१९९१: एक कुळ हाती लागते

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेत लिंडा बक काम करत होत्या. त्यांनी तीन अंदाज धरले. वास पकडणारी प्रथिने पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेल्या मोठ्या प्रथिनगटातली असतील. डोळ्यातील प्रकाशग्राही आणि ॲड्रेनलिनचे ग्राही याच गटातले आहेत. दुसरे, ती एकमेकांसारखी दिसणारी पण पुष्कळ असतील. तिसरे, ती फक्त नाकाच्या आतल्या वासाच्या अस्तरातच सापडतील. उंदराच्या नाकातील अस्तर घेऊन, पीसीआरच्या तंत्राने त्यांनी शोध घेतला. कोविडमुळे आता घराघरात माहीत झालेले हेच ते पीसीआर. तिन्ही अटी पुऱ्या करणारी १८ निरनिराळी जनुके हाती लागली आणि अशी आणखी पुष्कळ असणार हे स्पष्ट झाले. एप्रिल १९९१मध्ये 'सेल' या नियतकालिकात हा निबंध आला. २००४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल बक आणि ॲक्सेल यांना या कामासाठी मिळाले.

आज आपल्याला माहीत आहे की माणसात अशी सुमारे ४०० जनुके चालू स्थितीत आहेत. तेवढीच किंवा थोडी जास्त मोडकी, काळाच्या ओघात बंद पडलेली. आपल्या शरीरात प्रथिने बनवणारी एकूण जनुके साधारण २० हजार. म्हणजे पन्नासात एक जनुक केवळ वासासाठी राखून ठेवलेले. रंग ओळखायला आपण तीन प्रकारच्या प्रकाशग्राही प्रथिनांवर भागवतो, वासासाठी चारशे लागतात.

इतक्या जनुकांना नावे देताना गोंधळ नको म्हणून इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील डोरॉन लॅन्सेट यांच्या गटाने एक पद्धत घालून दिली. 'ओआर' म्हणजे ऑल्फॅक्टरी रिसेप्टर, आपल्या भाषेत गंधग्राही. पुढचा आकडा कुटुंबाचा, अक्षर उपकुटुंबाचे आणि शेवटचा आकडा त्यातल्या सदस्याचा. ओआर११ए१ म्हणजे अकराव्या कुटुंबातील 'ए' शाखेचे पहिले जनुक. गाव, आळी आणि घर क्रमांक लिहिल्यासारखेच. त्याचा पत्ता सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर. अवयवरोपणाच्या वेळी जुळवून पाहतात ती एचएलए जनुके त्याच्या शेजारी राहतात.

चारशे कुलपे आणि हरवलेल्या किल्ल्या

जनुकांची यादी हाती आली, पण कोणते जनुक कोणत्या वासाचे हे त्यावर लिहिलेले नव्हते. ते शोधणे कल्पनेपेक्षा फार अवघड निघाले.

याची दोन कारणे. पहिले, एक वास एकाच ग्राहीला लागतो असे नाही. लिंडा बक यांच्याच प्रयोगशाळेने १९९९ साली दाखवले की एक रेणू अनेक ग्राहींना चालवू शकतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. कोणत्या ग्राहींची जोडणी झाली त्यावरून मेंदू वास ओळखतो. बारा स्वरांतून हजारो चाली बांधता येतात, तसेच हे.

दुसरे कारण प्रयोगशाळेतले. गंधग्राहीचे जनुक दुसऱ्या एखाद्या पेशीत घातले की प्रथिन तयार होते, पण पेशीच्या पृष्ठभागावर यायलाच तयार नसते. आत अडकून बसते. आत बसलेल्या प्रथिनापर्यंत वासाचा रेणू पोहोचणार कसा? ड्यूक विद्यापीठातील हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने २००४ साली अशा ग्राहींना पृष्ठभागापर्यंत नेऊन सोडणारी मदतनीस प्रथिने शोधली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. त्यानंतर २००७ साली ओआर७डी४ या जनुकाचे काम समोर आले. घामात असणारा अँड्रोस्टेनोन हा पदार्थ काहींना लघवीसारखा घाण वाटतो, काहींना गोडसर, तर काहींना त्याचा वासच येत नाही. हा फरक बऱ्याच अंशी या एका जनुकातल्या बदलांमुळे पडतो. पाठोपाठ २०१२ साली कोथिंबिरीचा क्रमांक लागला. काही लोकांना ती साबणासारखी का लागते, याचा संबंध ओआर६ए२ या जनुकाच्या परिसरातील फरकाशी आढळला. आपल्या घरात एखादा पोह्यांवरची कोथिंबीर निवडून बाजूला काढत असेल, तर ती नुसती नाटके असतीलच असे नाही.

मातीच्या वासाचे कुलूप उघडायला मात्र २०२४ उजाडावे लागले. जर्मनीत म्युनिकजवळ फ्रायझिंग येथील लायबनिझ संस्थेत डीटमार क्राउटवुर्स्ट यांच्या गटाने माणसातील गंधग्राहींचे ६१६ प्रकार एकेक करून तपासले. प्रत्येक प्रकारचे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घालायचे, त्यावर जिओस्मिन टाकायचे आणि पेशी प्रकाशाचा इशारा देते का ते पाहायचे. प्रत्यक्षात आपल्या वाट्याला येते तेवढ्या सौम्य प्रमाणात जिओस्मिनला ठळक दाद देणारा एकच ग्राही निघाला, ओआर११ए१. मातकट वासाचे दुसरे एक रसायन हा ग्राही ओळखतो हे आधी माहीत होते. आता त्याचे मूळ काम कोणते असावे याचा चांगला अंदाज आला.

१८९१ साली बर्थेलोंनी मातीला विचारलेल्या प्रश्नाचे दुसरे टोक १३३ वर्षांनी आपल्याच नाकात सापडले.

हा वास फक्त माणसासाठी नाही

याच गटाने इतर प्राण्यांमधला हाच ग्राही तपासला. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या कांगारू उंदराचा ग्राही माणसाच्या तुलनेत सुमारे १०० पट संवेदनशील निघाला. जिथे पाणी दुर्मीळ, तिथे ओलसर जमिनीचा वास लांबून येणे जगण्याच्या कामाचे. पर्जन्यछायेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

काही जीवांना हा वास बोलावतो, काहींना पळवतो. मातीतले स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म किडे त्याकडे ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू दूरवर पसरवतात, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जिवाणू हा वास बहुधा जाहिरातीसाठी वापरतात. फळमाशी मात्र तो आला की अंडी न घालता दूर जाते, कारण तिच्यासाठी तो नासक्या फळाची खूण आहे. तिच्यात या एकाच वासासाठी राखीव ग्राही आहे, हे २०१२ साली कळले. आणि डेंग्यू पसरवणारी एडीस डासाची मादी? तिला हा वास आवडतो. जिथे जिओस्मिन तिथे पाणी आणि पाण्यात अळ्यांचे खाद्य, असा तिचा हिशेब. म्हणून पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, उघडी टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करा, हे आम्ही डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतो.

जनुक गप्प बसते तेव्हा

२०२० साली वासाची कहाणी एकदम प्रत्येकाच्या घरात आली. कोविडमध्ये सर्दी नसताना, नाक मोकळे असताना लोकांचा वास रातोरात गेला. असे का होते हे सुरुवातीला कोडे होते. वास घेणाऱ्या चेतापेशींवर विषाणूला शिरायला लागणारे दार, म्हणजे एसीई२ प्रथिन, जवळपास नसतेच. ते असते त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर. हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने हे त्याच वर्षी दाखवले. मग चेतापेशी का बंद पडल्या? २०२२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या स्टाव्हरोस लोम्वार्डास आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून उत्तर मिळाले. आधारपेशींमध्ये संसर्ग झाला की जी दाहक्रिया होते, तिच्यामुळे चेतापेशींच्या केंद्रकातली गुणसूत्रांची मांडणी विस्कटते आणि गंधग्राहींची जनुके वाचली जाणेच कमी होते. पेशी जिवंत, पण तिची ओआर जनुके गप्प.

आपल्या पुण्यातही या काळात महत्त्वाचे काम झाले. आयसर पुणे येथील निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयातील डॉक्टरांबरोबर वासाचे प्रमाण काटेकोर बदलता येईल असे उपकरण वापरून तपासण्या केल्या. लक्षणे नसलेल्या अनेक बाधितांची वासाची क्षमता कमी झालेली होती आणि त्यांना स्वतःला ते जाणवलेही नव्हते. वास मोजता येतो आणि मोजला तर आजार कळतो, हे आपल्याच राज्यात दिसून आले.

त्या दोन वर्षांत वास गेलेल्या लोकांचे काय झाले हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. जेवण बेचव, वजन कमी, दूध उतू जाऊन करपले तरी पत्ता नाही आणि एक विचित्र उदासी. एका शेतकऱ्याने मला सांगितले, "डॉक्टर, पाऊस पडला पण पडल्यासारखा वाटला नाही." हे मनाचे खेळ नव्हते. त्याच्या नाकातली चारशे जनुकांची यंत्रणा बंद पडली होती आणि त्यात ते एक जनुकही होते.

आपल्या उपयोगाचे

इतिहास वाचून झाला, आता रोजच्या व्यवहारातल्या काही गोष्टी.

नळाच्या पाण्याला मातकट वास: उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर धरणातल्या पाण्यात शेवाळासारखे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्यातूनही जिओस्मिन येते. इतक्या अल्प प्रमाणात ते स्वतः अपायकारक मानले जात नाही. क्लोरिनने ते जात नाही, सक्रिय कोळशाच्या फिल्टरने बरेच कमी होते. मात्र वासाबरोबर पाणी हिरवट किंवा गढूळ असेल, किंवा घरात जुलाब सुरू झाले असतील, तर तो प्रश्न वेगळा. पाणी उकळून प्या आणि पाणीपुरवठा विभागाला कळवा.

माशाचा चिखलट वास: तळ्यातल्या, धरणातल्या माशाला येणारा हा वासही जिओस्मिनचाच. आम्लामुळे जिओस्मिनचे रूपांतर वास नसलेल्या पदार्थात होते. लिंबू, चिंच, कोकम लावून मासे मुरवत ठेवण्याची पद्धत म्हणूनच शहाणपणाची.

वास अचानक गेला तर: सर्दी बरी होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास परत आला नाही, डोक्याला मार लागल्यावर गेला, एकाच नाकपुडीचा गेला किंवा नाकातून रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पन्नाशी-साठीनंतर हळूहळू वास कमी होत असेल आणि सोबत हालचाल मंदावणे, हात थरथरणे, झोपेत हातपाय झाडणे असे काही असेल, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, वास जाणे हे पुष्कळदा बाकीच्या लक्षणांच्या काही वर्षे आधी दिसते. वास कमी झाला म्हणजे कंपवात झालाच असे नाही, पण ही माहिती डॉक्टरच्या कामाची असते.

वासाचा व्यायाम: नाकातल्या वासाच्या चेतापेशी शरीरात नव्याने तयार होत राहतात. चेतासंस्थेत ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. त्याचा फायदा घेणारी पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, लक्ष देऊन घ्यायचे. किमान १२ आठवडे. सगळ्यांनाच पूर्ण गुण येतो असे नाही, पण अपाय काही नाही, खर्च जवळपास शून्य आणि चारही वस्तू आपल्याकडे मिळतात.

सुरक्षितता: वास येत नसलेल्या व्यक्तीला गॅसची गळती कळत नाही. गॅसला मुळात वास नसतो, तो कळावा म्हणून मुद्दाम घातलेला असतो. अशा घरात गॅस गळतीचा अलार्म बसवा, रात्री रेग्युलेटर बंद करा आणि शिळे अन्न दुसऱ्याकडून तपासून घ्या.

चारशेपैकी बहुतेक गंधग्राहींच्या किल्ल्या अजून सापडायच्या आहेत. मानवी गंधग्राहीची वासाच्या रेणूला धरलेली त्रिमितीय रचना पहिल्यांदा दिसली ती २०२३ साली, म्हणजे अगदी आत्ता. तोवर आपल्या हातात एवढे नक्की आहे, की घरातले कोणी 'मला वास येत नाही' म्हणाले तर त्याला 'त्यात काय एवढे' असे म्हणायचे नाही. कधीपासून येत नाही, एकच वास येत नाही की सगळेच, हे विचारायचे आणि गरज असेल तर तपासणीला घेऊन जायचे.